नागपूर काय खातं, काय टाकतं? नागरी चयापचयावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीसभा, कॉलेजातली व्याख्यानं, सोसायटीच्या बैठका अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं चार ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

नागरी चयापचय म्हणजे नेमकं काय?

शहरात रोज पाणी, धान्य, भाजी, दूध, कोळसा, डिझेल, वाळू, सिमेंट, कपडे, औषधं येतात. त्यातलं बरंचसं सांडपाणी, कचरा, धूर, राख आणि उष्णता होऊन बाहेर पडतं. उरलेलं इमारती, रस्ते आणि भंगाराच्या रूपात शहरातच साठतं. या आवक, जावक आणि साठ्याचा वजनात किंवा ऊर्जेत मांडलेला हिशेब म्हणजे नागरी चयापचय. यात नियम एकच. जे आत आलं, ते कुठे ना कुठे असलंच पाहिजे. "कचरा उचलला गेला" हे या हिशेबात उत्तर होत नाही. उचलून कुठे नेला, ते लिहावं लागतं.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतले पाणीपुरवठा अभियंते एबल वुलमन यांनी १९६५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक लेख लिहिला. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती घालायचं, याचं शास्त्र बसवणाऱ्यांपैकी हे एक. त्यांनी दहा लाख वस्तीचं एक काल्पनिक अमेरिकी शहर घेतलं आणि त्याची रोजची आवक मांडली : पाणी ६,२५,००० टन, इंधन ९,५०० टन, अन्न २,००० टन. लोकांना धक्का बसला तो पाण्याच्या आकड्याने. बाकी सगळं एकत्र केलं तरी पाण्यापुढे किरकोळ ठरत होतं.

मग नागपूरचा हिशेब कसा दिसतो?

मोठे आकडे घेऊ. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख होती. आज तीस लाख धरून चालू.

महापालिका रोज सुमारे ७० कोटी लिटर पाणी पुरवते, म्हणजे सात लाख टन. माणशी किलोभर अन्न धरलं तर तीन हजार टन. घनकचरा हजार-बाराशे टन. म्हणजे ज्या कचऱ्यावरून आपण रोज भांडतो, त्याच्या सहाशेपट वजनाचं पाणी शहरातून वाहून जातं आणि त्याबद्दल आपण नळ कोरडा पडेपर्यंत बोलत नाही.

आणखी एक आकडा शहराच्या हद्दीबाहेर आहे, पण तो सोडून चालणार नाही. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या ६६० मेगावॅटच्या तीन संचांना पूर्ण क्षमतेने चालवायचं तर दिवसाला तीस हजार टनांच्या घरात कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतं. म्हणजे एका केंद्राची एका दिवसाची राख दहा हजार टनांच्या आसपास जाते. भांडेवाडीला, म्हणजे शहराच्या कचरा डेपोत, जाणाऱ्या रोजच्या कचऱ्यापेक्षा ती कितीतरी जास्त भरते.

नळाला येणारं पाणी कुठलं?

मुख्यतः पेंच नदीचं. तोतलाडोह धरणातून ते नवेगाव खैरीला येतं आणि तिथून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर प्रवास करून गोरेवाडा आणि गोधनीच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पोहोचतं. दुसरा मोठा स्रोत कन्हान. गोरेवाडा तलाव शंभर वर्षांहून जुना. अंबाझरी त्याच्याही आधीचा; त्यातलं पाणी आता कोणी पीत नाही.

पेंच आणि कन्हान या दोन्ही नद्या मध्य प्रदेशातून, छिंदवाड्याकडून येतात. तिकडे चौराईला पेंचवर धरण झालं आणि तोतलाडोहला येणारं पाणी घटलं. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोह मृतसाठ्यावर आला, पाऊस लांबला आणि जुलैत शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या खासगी करारावर चोवीस तास पाण्याची योजना राबवणाऱ्या शहरात हे घडलं. चोवीस तास पाण्याचं आश्वासन नळापासून मागे जाऊन पाहिलं, तर ते एका दुसऱ्या राज्यातल्या पाणलोटावर टांगलेलं आहे.

तीस लाखांना सत्तर कोटी लिटर, म्हणजे माणशी दोनशे तीस लिटर. मग आमच्याकडे टँकर काऊन येतो?

भागाकार बरोबर आहे आणि प्रश्नही बरोबर आहे. शहरांसाठी माणशी १३५ लिटरचा मापदंड धरतात. सरासरी त्याच्या वर आहे, पण सरासरी कोणाच्याच नळाला येत नाही. काही पाणी गळतं, काही मोजलं जात नाही, काही दुकानं-हॉटेलं-कार्यालयांत जातं. उरलेलं पाइप जिथे आधी पोहोचला तिथे जास्त आणि जिथे उशिरा पोहोचला तिथे कमी. हुडकेश्वर-नरसाळा शहरात आलं २०१३ मध्ये. जलवाहिनी काही अधिसूचनेसोबत येत नाही. आपली काळी माती हाही भाग आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जुने पाइप सांध्यावर सोडवते.

वापरलेलं पाणी जातं कुठे?

उताराने पूर्वेला. नागपूर समजायचं तर हा उतार समजून घ्यावा. पश्चिमेला अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, टेकड्या, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ. पूर्वेला पारडी, कळमना, भांडेवाडी. नाग नदी अंबाझरीच्या बाजूने निघून शहराच्या पोटातून जाते, पुढे तिला पिवळी नदी मिळते. दोघींत बारमाही जे वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. नाग पुढे कुही तालुक्यात कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. तिथेच गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आहे.

आपण कन्हानचं पाणी वरच्या अंगाला उचलतो आणि वापरून झाल्यावर त्याच नदीत खालच्या अंगाला सोडतो. वरच्या पाण्यावर आपला हक्क, खालच्या पाण्यावर भंडारा जिल्ह्यातल्या गावांचा. त्या गावांना गोसीखुर्दच्या पाण्याचा वास आणि जलपर्णी यांविषयी विचारलं तर ते पहिलं नाव नागपूरचं घेतात, आणि त्यांचं चुकत नाही.

या गोष्टीत चांगलं काहीच नाही का?

आहे, आणि ते देशात उदाहरण म्हणून सांगण्यासारखं आहे. भांडेवाडीला दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं आणि तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचा करार झाला. नंतर २० कोटी लिटर क्षमतेचं दुसरं केंद्र आलं. वीजकेंद्राला थंड करण्यासाठी पाणी लागतं, पिण्यायोग्य लागत नाही. म्हणून आपण आंघोळ करून सोडलेलं पाणी कोराडीला जातं आणि तेवढं पेंचचं पाणी वाचतं. मनपाला पैसे मिळतात. सरळ रेषेत वाहणारा प्रवाह वळवून वर्तुळाकार करणं, असं जे पुस्तकांत लिहितात, ते इथे लोखंडी पाइपात दिसतं.

आता जरा खवचट प्रश्न. वाचलेलं पेंचचं पाणी कोणाला मिळालं? नदीला, शेतकऱ्याला की वाढत्या शहराला? असे करार कागदावर छान दिसतात. वाचलेल्या पाण्याचा मालक कोण, हे करारात लिहिलेलं नसेल तर ते सर्वात जोरदार मागणाऱ्याकडे जातं, आणि आपल्या भागात तो म्हणजे शहर.

मग नाग नदी अजून काळी का?

कारण शुद्धीकरण केंद्र असून भागत नाही, सांडपाणी तिथपर्यंत पोहोचावं लागतं. जुन्या वस्त्यांच्या गटारवाहिन्या तुटक्या आहेत, नव्या लेआउटांत त्या नाहीतच, आणि नाल्याला तोंड लावलेली घरं हजारोंनी आहेत. नाग नदीसाठी मंजूर झालेल्या १,९२७ कोटींच्या प्रकल्पात, ज्याला जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे, वाहिन्यांचं काम म्हणूनच मोठं आहे. किनाऱ्यावर दिवे आणि बाकं बसवण्याचे आराखडे वर्तमानपत्रांत छान दिसतात. मी त्या चित्रांपेक्षा गटारवाहिन्यांचा नकाशा आधी पाहीन.

कूलर बरा की एसी? खरं सांगा.

हा प्रश्न नागपुरात विचारला गेला नाही असा एप्रिल जात नाही. एका खोलीसाठी, दहा तासांचा हिशेब करू.

मोठा कूलर कोरड्या मे महिन्यात तासाला आठ-दहा लिटर पाणी उडवतो. दहा तासांत ऐंशी ते शंभर लिटर. एका माणसाच्या दिवसभराच्या मापदंडाच्या जवळ जाणारं हे पाणी, आणि ते हवेत गेल्यामुळे भांडेवाडीला परत येत नाही. वीज मात्र दोनेक युनिट.

दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात दहा-बारा युनिट घेतो. एका युनिटमागे साधारण पाऊण किलोहून थोडा कमी कोळसा जळतो. म्हणजे सात किलो कोळसा आणि अडीच किलो राख. पाणी एसीलाही लागतं, फक्त ते आपल्या घरात दिसत नाही. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या नियमाने जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा आहे. त्या मर्यादेने धरलं तर दहा-बारा युनिटांमागे पस्तीस-चाळीस लिटर. शिवाय एसी खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो.

तर पाण्यात कूलर महाग, कोळशात एसी महाग. नेमका निकाल पाणी कोणतं यावर ठरतो. कूलरच्या टाकीत पेंचचं शुद्ध पाणी ओतण्यात फारसं शहाणपण नाही. बोअरवेलचं किंवा जुन्या विहिरीचं पाणी चालतं, फक्त क्षारामुळे गवताच्या ताट्या लवकर कडक होतात, आणि टाकी दर आठवड्याला कोरडी करावी लागते, नाहीतर डेंग्यूचे डास. जूनच्या मध्यात हवा चिपचिपी झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा हा वाद आपोआप मिटतो. वीज राज्याच्या जाळ्यातून येते, त्यामुळे तुमच्या एसीचं युनिट कोराडीचंच असेल असं नाही. पण राख कुठल्या तरी गावात पडतेच.

राखेचं पुढे काय होतं?

काही सिमेंटमध्ये जाते, काही विटांत, काही रस्त्यांच्या भरावात. उरलेली पाण्यात मिसळून राखेसाठीच बांधलेल्या तलावात सोडतात. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं. नांदगावच्या लोकांनी राखेच्या तलावाविरुद्ध केलेली तक्रार मंत्रालयापर्यंत गेली होती. डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीजकेंद्रांना सगळी राख वापरात आणायचं बंधन घातलं आहे. कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच प्रस्तावित झाले, त्यांच्या जनसुनावणीत मे २०२३ मध्ये राखेचा मुद्दा येणार हे उघडच होतं.

ही राख नागपूरच्या खात्यात धरायची का? वीज तर सगळ्या महाराष्ट्राला जाते. माझं मत : धूर आणि राख इथे पडते म्हणून ती नागपूरच्या नकाशावर दाखवावी, आणि वीज वापरते म्हणून मुंबई-पुण्याच्या हिशेबातही लिहावी. दोन वह्यांत एकच खर्च दिसला तरी चालेल, कुठल्याच वहीत न दिसणं वाईट.

कचऱ्याबद्दल एवढं कमी का बोलता?

कारण त्यावर बाकी सगळे बोलतात. ओला-सुका वेगळा केला नाही तर पुढचं कुठलंही यंत्र नीट चालत नाही, भांडेवाडीचा जुना ढीग उन्हाळ्यात पेटतो, आणि त्याचा धूर पूर्व नागपूर गिळतं. यात नवं सांगण्यासारखं काही नाही.

अन्नाचा यात काय संबंध?

कळमन्याच्या बाजारात पहाटे जा. काटोल, नरखेड, कळमेश्वरची संत्री, भंडारा-गोंदियाचा तांदूळ, भिवापूरची मिरची. या मालाबरोबर शेतातलं नत्र आणि स्फुरदही शहरात येतं. आपण जेवतो, आणि ते शौचालयातून नाग नदीत, तिथून गोसीखुर्दला जातं. तिथे त्यावर जलपर्णी पोसते. शेतकरी मात्र पुढच्या हंगामात डीएपी खताची गोणी विकत घेतो. सांडपाण्याच्या केंद्रात उरणारा गाळ नीट तपासून, जड धातू नसल्याची खात्री करून शेतात परत गेला पाहिजे. गंमत अशी की हे तपासायला लागणाऱ्या संस्था शहरातच आहेत. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून इथे आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो अमरावती रोडवर आहे. लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था इथे, कापसाची इथे. या सगळ्यांना एका टेबलावर बसवून गाळाचा प्रश्न सोडवायला सांगणारा कोणी नाही.

पाऊस चांगला पडतो, मग पाण्याची चिंता कशाला?

एक गंमतशीर हिशेब करा. शहराचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, वार्षिक पाऊस अकराशे मिलिमीटर धरा. गुणाकार केला तर वर्षाला सुमारे २५,००० कोटी लिटर. आणि रोजचे ७० कोटी लिटर गुणिले ३६५ केलं तर साधारण तेवढंच येतं. आपल्या डोक्यावर पडणारं पाणी आणि पन्नास किलोमीटरवरून आणलेलं पाणी जवळपास सारखं.

सगळा पाऊस साठवता येणार नाही, हे उघड आहे. तो थोड्या दिवसांत धो-धो पडतो, बराच उडून जातो. शिवाय नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा बेसॉल्ट आणि पूर्वेला जुना, ग्रॅनाइटी जातीचा खडक. एकाच शहरात दोन तऱ्हेची भूजलं. त्यामुळे सगळीकडे एकाच मापाचा शोषखड्डा घालणं निरर्थक. पण हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटर पाणी जमतं. २०२० च्या राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं आहे. बहुतेक ठिकाणी ते भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत असतं.

सप्टेंबर २०२३ चा पूर नैसर्गिक होता की माणसाने केलेला?

२३ सप्टेंबरच्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तो नैसर्गिक. अंबाझरी भरून वाहिला आणि पाणी नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत शिरलं. माणसं दगावली, तळमजल्यावरचे संसार गेले. अंबाझरीच्या विसर्गाच्या तोंडाशी उभारलेल्या स्मारकाचा वाद नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला.

चयापचयाच्या भाषेत सांगायचं तर इथे साठा प्रवाहाच्या आडवा आला. गेल्या काही दशकांत शहरात आलेली गिट्टी, वाळू आणि सिमेंट रस्ते, स्लॅब, संरक्षक भिंती होऊन बसले. सिमेंटचे रस्ते शेजारच्या घरांच्या जोत्यापेक्षा वर गेले, त्यामुळे पावसाचं पाणी रस्त्यावरून अंगणात येतं. झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं गेलं. बुंध्याभोवती मीटरभर मोकळी माती ठेवण्याचे आदेश असूनही. नाल्यांवर स्लॅब टाकून पार्किंग झालं. यातला कुठलाही एक निर्णय पुराचं कारण म्हणून दाखवता येत नाही, आणि म्हणूनच कोणी जबाबदार धरला जात नाही.

नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं होतं ना?

मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं. हवामान खात्याने तो संवेदकाचा बिघाड असल्याचं सांगितलं. खरे पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश पुरेसे आहेत. उष्माघात कृती आराखडा शहर २०१६ पासून राबवतं ते उगाच नाही. त्या आराखड्यात ओआरएस, पाणपोई, दुपारच्या वेळा आहेत. पत्र्याच्या छपरांचं काय करायचं आणि सिमेंट रस्त्यावर सावली कुठून आणायची, हे खरं तर नगररचनेचं काम आहे.

मेट्रोने फरक पडला का?

पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला, सुमारे चाळीस किलोमीटर. डिझेल-पेट्रोलच्या आवकेवर परिणाम व्हायचा तर स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा सुटला पाहिजे. मेच्या उन्हात एक किलोमीटर चालून स्टेशन गाठायला कोणी तयार नाही. 'आपली बस' आणि सावलीचे फुटपाथ वाढल्याशिवाय दुचाकी घरी राहणार नाही.

५७२ आणि १९०० लेआउटांत राहणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं?

बाहेरच्या वाचकांसाठी : शेतजमिनीवर मंजुरीविना पडलेले आणि पुढे गुंठेवारीत नियमित होत गेलेले हे लेआउट नागपुरात त्यांच्या संख्येनेच ओळखले जातात. इथे घर आधी आलं, मग वीज, मग पाणी, मग रस्ता, आणि गटार शेवटी. म्हणजे आवकेची व्यवस्था झाली आणि जावकेची राहून गेली. जावक मग सेप्टिक टँकमधून बोअरवेलकडे, नाहीतर नाल्याकडे. नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), मनपा आणि २०१७ नंतर महानगर प्राधिकरण यांच्यामध्ये "हे आमच्याकडे नाही" ऐकत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. नियोजन करणाऱ्यांनी निदान नव्या लेआउटला मंजुरी देताना एक अट घालावी : पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याची जोडणी एकाच दिवशी. बिल्डर कुरकुरतील. करू द्या.

आमच्या प्रभागाचा असा हिशेब आम्हाला करता येईल?

येईल. मनपाचे दहा झोन आहेत. आपल्या झोन कार्यालयात माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा. एक, झोनला रोज किती पाणी सोडलं जातं आणि त्यातलं किती बिलात येतं. दोन, झोनमधल्या किती घरांना गटारजोडणी आहे आणि ते सांडपाणी कुठल्या केंद्रात जातं. तीन, कचऱ्याच्या गाड्यांची काट्यावरची वजनं, ओला आणि सुका वेगळी. "शहरासाठी एकत्र माहिती उपलब्ध आहे" असं उत्तर आलं तर पहिलं अपील करा, कारण पाण्याची मीटरं आणि कचऱ्याचे वजनकाटे आधीपासून बसवलेले आहेत. अर्जाचं शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.